२५ नंबरच्या दारावर कोण आहे?

उबंटूवर पोस्टफिक्स बसवायला एका ओळीची आज्ञा पुरते. ती दिली की जांभळ्या पडद्यावर एक चौकट उघडते आणि पाच पर्याय पुढे करते: काहीच कॉन्फिगर करू नका, थेट इंटरनेटवर, दुसऱ्या सर्व्हरमार्फत, सॅटेलाइट, नाहीतर फक्त याच मशीनपुरतं. ‘इंटरनेट साइट’ निवडायचं, पुढच्या चौकटीत डोमेनचं नाव टाकायचं आणि एंटर दाबायचं. चहा उकळायच्या आत मेल सर्व्हर चालू!

मग लोक पुढचे चार दिवस त्याच्याशी झटापट कसली करत बसतात? तर गेल्या ५० वर्षांत जगानं मेलमध्ये जे जे उपद्व्याप केले, त्या सगळ्यांचा बंदोबस्त करत बसतात. पोस्टफिक्सची ‘मेन डॉट सीएफ’ ही फाइल उघडून बघा. बहुतेक सेटिंग्जमागे कुणाचा तरी भाबडेपणा आहे, नाहीतर कुणाची तरी लबाडी. त्यातले हे काही निवडक नग.

पहिला मेल गेला शेजारच्या मशीनला

१९७१ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये बीबीएन कंपनीतल्या रे टॉमलिन्सन यांनी एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर मेल पाठवला. दोन्ही मशीनं एकाच खोलीत शेजारीशेजारी उभी होती. मेल मात्र अर्पानेट या तेव्हाच्या नेटवर्कमधून फिरून आला. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं; कल्पना बरी वाटली, म्हणून केलं. माणूस आणि मशीन यांच्यामध्ये टाकायला त्यांनी ‘ॲट द रेट’चं चिन्ह निवडलं, कारण ते कुणाच्या नावात येत नाही. त्या पहिल्या मेलमध्ये काय लिहिलं होतं, ते त्यांना नंतर आठवेना. कीबोर्डच्या वरच्या ओळीतली अक्षरं असतील नाहीतर तसलंच काहीतरी, असं ते सांगत.

हातानं टाइप करून मेल धाडता येतो

ॲप नको, ब्राउझर नको. टेलनेटनं सर्व्हरच्या २५ नंबरच्या पोर्टला जोडून घ्यायचं आणि बोलायला लागायचं. संवाद साधारण असा होतो:

सर्व्हर: २२०. हजर आहे.
तुम्ही: हेलो, मी अमुक मशीन.
सर्व्हर: २५०. ठीक.
तुम्ही: मेल फ्रॉम, अमक्याकडून.
सर्व्हर: २५०. ठीक.
तुम्ही: आरसीपीटी टू, तमक्याला.
सर्व्हर: २५०. ठीक.
तुम्ही: डेटा.
सर्व्हर: ३५४. सांगा. संपलं की एका ओळीत नुसतं टिंब द्या.

हे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. त्याला म्हणायचं एसएमटीपी. यातली एक गंमत लक्षात आली का? ‘अमक्याकडून’ म्हटल्यावर सर्व्हरनं पासवर्ड विचारला नाही, ओळखपत्र मागितलं नाही, नुसतं ‘ठीक’ म्हटलं. तेव्हाच्या नेटवर्कवरचे लोक एकमेकांना ओळखत होते, खोटं कोण बोलणार? शिवाय दारात सांगितलेलं पाठवणाऱ्याचं नाव आणि मेलच्या आत ‘फ्रॉम’पुढे दिसणारं नाव ही दोन्ही वेगवेगळी असू शकतात. वाचणाऱ्याला दिसतं ते आतलं. बँकेच्या नावानं येणारे भामट्यांचे मेल याच फटीतून शिरतात.

आता तो टिंबाचा प्रश्न. मजकुरातच एखाद्या ओळीत नुसतं टिंब असलं तर मेल मध्येच संपेल का? नाही. टिंबानं सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीला पाठवणारा प्रोग्राम आणखी एक टिंब लावतो आणि घेणारा ते काढून टाकतो. ४० वर्षं हा उद्योग बिनबोभाट चालू आहे.

४ म्हणजे ‘उद्या या’, ५ म्हणजे ‘होणार नाही’

सर्व्हरची सगळी उत्तरं तीन आकड्यांत असतात आणि खरा निकाल पहिल्या आकड्यात कळतो. २ आला की काम झालं. ३ आला की पुढे बोला. ४ आला की सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखं ‘उद्या या’. ५ आला की विषय संपला.

२००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी या ४ आकड्याचं हत्यार केलं. अनोळखी सर्व्हर पहिल्यांदा आला की त्याला मुद्दाम ‘नंतर या’ म्हणायचं. खरा मेल सर्व्हर शहाण्या बाळासारखा थोड्या वेळानं परत येतो. स्पॅम टाकणाऱ्या प्रोग्रामला लाखो ठिकाणी जायचं असतं, त्याला परत यायला फुरसत नसते. या युक्तीचं नाव ग्रेलिस्टिंग. तोटा एवढाच की ओटीपीचा मेलही दाराबाहेर ताटकळतो.

खऱ्या सर्व्हरची चिकाटी किती? पोस्टफिक्स आपणहून ५ दिवस प्रयत्न करत राहतो. तेवढ्यात जमलं नाही, तर मेल पाठवणाऱ्याला साभार परत.

‘हे महान जादूगारा’

पोस्टफिक्सच्या आधी जगात सेंडमेलचं राज्य होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी तो लिहिला. त्याची कॉन्फिगरेशन फाइल बघून मांजर कीबोर्डवर चालून गेलं असावं, अशी शंका यायची. ती फाइल हातानं लिहायला नको म्हणून एम४ नावाच्या दुसऱ्याच भाषेत थोडं लिहायचं आणि त्यातून खरी फाइल काढून घ्यायची, अशी सोय करावी लागली. मुखपृष्ठावर वटवाघूळ असलेलं सेंडमेलचं पुस्तक हजार पानांच्या पुढे गेलं, त्यात नवल नाही.

जुन्या सेंडमेलमध्ये ‘विझ’ नावाची एक छुपी आज्ञा होती. मेलच्याच पोर्टवर येऊन ती द्यायची. परवलीचा शब्द जुळला तर ‘या, महान जादूगार’ अशा थाटात स्वागत आणि थेट मशीनचा ताबा. चुकला, तर बग्ज बनीच्या मागे लागणाऱ्या बोबड्या शिकाऱ्याच्या भाषेत टिंगल. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही मोठी सोय होती, इतरांना भगदाड.

दुसरं भगदाड ‘डीबग’ या आज्ञेचं. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेला किडा (आपोआप पसरणारा प्रोग्राम) इतर वाटांबरोबर याही वाटेनं घुसला आणि तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे ६,००० मशीनं त्यानं जायबंदी केली. मॉरिसचे वडील अमेरिकी सरकारच्या कॉम्प्युटर-सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! मुलाला शिक्षा झाली आणि पुढे तो एमआयटीत प्राध्यापकही झाला. २०१९ मध्ये एग्झिम या मेल सर्व्हरमध्ये मोठं भोक सापडलं, तेव्हा शोधणाऱ्यांनी त्याला नाव दिलं ‘जादूगाराचं पुनरागमन’.

सेंडमेलची एक देणगी मात्र आजही घरोघरी आहे. लिनक्सवर लॉग लिहिण्याची ‘सिसलॉग’ ही पद्धत ऑलमन यांनी सेंडमेलसाठीच तयार केली होती. तिच्या क्रमवारीत ० म्हणजे कर्नल, १ म्हणजे वापरणारे आणि २ नंबरवर मेल. मान पहिल्यापासूनच मोठा!

सैतानाचा झाला सांता

पोस्टफिक्स लिहिणारे वित्से वेनेमा मूळचे डच. १९९५ मध्ये त्यांनी डॅन फार्मर यांच्याबरोबर नेटवर्कमधली भोकं शोधणारं एक साधन काढलं आणि त्याचं नाव ठेवलं सॅटन, म्हणजे सैतान. नावाचा त्रास होणाऱ्यांसाठी सोबत ‘पश्चात्ताप’ नावाचा छोटा प्रोग्राम होता. तो चालवला की सगळीकडे अक्षरांची अदलाबदल होऊन सॅटनचा सांता व्हायचा.

तीन वर्षांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, आयबीएमच्या संशोधन केंद्रातून वेनेमा यांचा मेल सर्व्हर बाहेर पडला. भोकं शोधण्यात मुरलेल्या माणसानं सर्व्हर लिहिला तर तो कसा असेल? कुणावरच विश्वास न ठेवणारा! सेंडमेल हा एकच अगडबंब प्रोग्राम होता. पोस्टफिक्समध्ये कामं वाटलेली आहेत. एक दारात उभा राहून ऐकतो, दुसरा मेल साफसूफ करतो, तिसरा रांग सांभाळतो, चौथा बाहेर नेऊन देतो, पाचवा परत आलेल्याची चिठ्ठी लिहितो. प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार. दारातला फितूर झाला, तरी तिजोरी त्याच्या हाती लागत नाही.

त्या पिढीचा आत्मविश्वासही दांडगा होता. क्यूमेल या मेल सर्व्हरचे कर्ते डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९७ मध्ये सुरक्षेतलं भोक दाखवणाऱ्याला ५०० डॉलर्स जाहीर केले आणि पुढे रक्कम दुप्पट केली. मेलबॉक्स सांभाळणाऱ्या डव्हकॉटचे फिनिश कर्ते टिमो सिराइनेन यांनी स्वतःच्या खिशातून १,००० युरो लावले. आणि एग्झिम? केंब्रिज विद्यापीठातल्या फिलिप हेझेल यांनी १९९५ मध्ये ‘प्रयोग म्हणून’ लिहिलेला हा सर्व्हर. नावातच प्रयोग आहे. डेबियनवर मात्र वर्षानुवर्षं तोच आपसूक येत असे.

५०० मैलांच्या पुढे मेल जाईना!

सिस्टिम ॲडमिन मंडळींचा हा लाडका किस्सा. ९०च्या दशकात ट्रे हॅरिस नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाची मेल यंत्रणा बघत होते. एक दिवस संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला: आमच्याकडून ५०० मैलांच्या पुढे मेल जात नाही. ५२० जातो, त्यापुढे नाही.

मेल अंतर बघून थोडाच जातो? पण तक्रार संख्याशास्त्रज्ञांची. त्यांनी आधी काही दिवस रीतसर आकडेवारी गोळा केली, नकाशाही काढला आणि मगच फोन उचलला. हॅरिसनी स्वतः करून पाहिलं. अटलांटाला गेला. वॉशिंग्टनला गेला. ४०० मैलांवरच्या प्रिन्स्टनला गेला. ६०० मैलांवरच्या मेम्फिसला? नाही. न्यूयॉर्कला गेला, प्रॉव्हिडन्सला नाही.

उलगडा झाला तो असा. कुणीतरी त्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम नवी केली होती. त्या नादात सेंडमेलची आवृत्ती मात्र ८ वरून ५ वर घसरली. कॉन्फिगरेशन फाइल ८ साठी लिहिलेली. त्यातली लांब नावांची सेटिंग्ज जुन्या सेंडमेलला कळेनात, त्यानं ती सोडून दिली. त्यातच ‘समोरून उत्तर यायची किती वेळ वाट बघायची’ हे सेटिंग होतं, ते शून्यावर गेलं. त्या मशीनवर शून्य म्हणजे प्रत्यक्षात ३ मिलिसेकंदांच्या आसपास. आणि प्रकाश ३ मिलिसेकंदांत किती जातो? साधारण ५५८ मैल!

हॅरिसनी हा किस्सा २००२ मध्ये लिहिला, तेव्हापासून तो जगभर फिरतोय. सेटिंग चुकलं तर भौतिकशास्त्रसुद्धा मध्ये पडतं, ते असं.

उघडं दार ठेवणारा माणूस

एके काळी कुणाचाही मेल कुणीही पुढे ढकलायचा. माझ्या सर्व्हरवरून तुझा मेल जातोय, तर जाऊ दे. याला ओपन रिले म्हणत आणि ती रीतच होती. मग स्पॅमवाले आले आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवरून लाखांनी मेल सोडू लागले. १९९८ मध्ये सेंडमेलनं हा मोकळा व्यवहार मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. आज पोस्टफिक्समध्ये ‘मायनेटवर्क्स’ या ओळीत आपलं कोण ते लिहावं लागतं. तिथे उदार झालात तर संध्याकाळपर्यंत काळ्या यादीत जाल.

जॉन गिलमोर या डिजिटल हक्कांच्या कार्यकर्त्यानं मात्र तत्त्व म्हणून आपला सर्व्हर उघडाच ठेवला. मित्र जगात कुठेही असले तरी त्यांना मेल पाठवता यावा, एवढीच त्यांची इच्छा. काळ्या याद्यांनी त्यांना पकडलं, इंटरनेट पुरवणाऱ्यांशी खटका उडाला, तरी गडी हटला नाही.

काळ्या याद्यांची सुरुवात १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांनी केली. त्यांच्या संस्थेचं लघुनाम मॅप्स. इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचून बघा. या याद्या डीएनएसमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांच्या वहीतूनच, विचारता येतात. उत्तरात १२७.०.०.२ असा पत्ता आला, की समजायचं आपण यादीत आहोत.

७५ डॉलर्समध्ये गूगलचे मालक

आजच्या मेल सर्व्हरला कागदपत्रं लागतात आणि ती सगळी डीएनएसमध्ये ठेवायची असतात. मेल कुठे द्यायचा ते सांगणारं एमएक्स. यात लहान आकड्याचा मान मोठा. आयपी पत्त्यावरून नाव सांगणारं पीटीआर. माझ्या नावानं कोण मेल पाठवू शकतं, त्याची यादी म्हणजे एसपीएफ. ही यादी तपासताना डीएनएसला १० पेक्षा जास्त वेळा विचारायचं नाही, असा नियम आहे; मार्केटिंगच्या सेवा एकामागून एक जोडणाऱ्या कंपन्या इथेच आपटतात. मग प्रत्येक मेलवर सही करणारं डीकेआयएम. आणि हे जुळलं नाही तर काय करायचं, ते सांगणारं डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना हे सगळं सक्तीचं झालं.

सही किती पक्की, ते किल्लीच्या लांबीवर ठरतं. डिसेंबर २०११ मध्ये झॅकरी हॅरिस या गणितज्ञाला गूगलमधून नोकरीबद्दल मेल आला. खरा आहे का ते बघायला त्यानं हेडर उघडलं, तर सहीची किल्ली अवघी ५१२ बिटांची. १,०२४ तरी हवी, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. त्याला वाटलं, ही आपली परीक्षाच असणार! ॲमेझॉनचा क्लाउड भाड्यानं घेऊन त्यानं सुमारे ७२ तासांत आणि ७५ डॉलर्सच्या आसपास खर्चात ती किल्ली फोडली. मग लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांना एकमेकांच्या नावानं मेल धाडला. उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी गूगलची किल्ली गुपचूप २,०४८ बिटांची झाली होती.

ज्ञानेश्वर कुलकर्णींचा एक बाइट

मुंबईचं आणि मेलचं नातं जुनं आहे. १९८६-८७ च्या सुमारास एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्यात डायल-अप फोनवरून मेलची देवाणघेवाण सुरू झाली होती. भारतातल्या अशा पहिल्यावहिल्या जोडण्यांपैकी ही एक. तेव्हा पत्ता अर्थातच रोमन अक्षरांत.

आता देवनागरीत पत्ता घेता येतो. ‘.भारत’ हे डोमेन २०१४ मध्ये सुरू झालं, त्यात मराठीही आहे. पोस्टफिक्सनं २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून अशा पत्त्यांना दार उघडलं. मात्र डीएनएसला देवनागरी झेपत नाही. त्याच्या वहीत ‘भारत’ची नोंद ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ अशी होते. आणि समोरच्या सर्व्हरनं ‘मलाही हे कळतं’ असं सांगितलं नाही, तर मेल परत.

खरी गंमत लांबीची आहे. ॲट द रेटच्या अलीकडच्या भागाला ६४ बाइट्सची मर्यादा आहे. रोमन अक्षर १ बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याचं चिन्ह, सगळ्यांचं भाडं वेगळं. ‘ज्ञानेश्वर’ म्हणजे १० चिन्हं, ३० बाइट्स. ‘कुलकर्णी’ म्हणजे ८ चिन्हं, २४ बाइट्स. मधलं टिंब धरून ५५. उरले ९. आता वडिलांचं नाव ‘राम’ घालायचं, तर ३ चिन्हांचे ९ आणि आणखी एका टिंबाचा १, म्हणजे १० बाइट्स हवेत. एका बाइटनं हुकलं!

जाता जाता

• ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता प्रत्येक मेल सर्व्हरवर असलाच पाहिजे, असा नियम आहे. स्पेलिंग लहान अक्षरांत लिहा, मोठ्या लिहा, मेल पोचलाच पाहिजे. कुणी वाचलाच पाहिजे, असं मात्र लॉग बघून वाटत नाही.

• परत आलेल्या मेलच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा पत्ता मुद्दाम रिकामा ठेवतात. नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांना ‘तुमचं परत आलं’ असं कळवत बसतील.

• पोस्टफिक्सची मेलची मर्यादा सुरुवातीला १,०२,४०,००० बाइट्स असते. पण अटॅचमेंट पाठवताना दर ३ बाइट्सचे ४ होतात. म्हणून ८ एमबीचा फोटो १० एमबीच्या दारातून जात नाही आणि शिव्या सर्व्हरला बसतात.

• स्पॅमअसॅसिनमध्ये ५ गुण मिळाले की मेल स्पॅम ठरतो. फिल्टर जागा आहे का ते तपासायला एक ठरलेली निरर्थक ओळ आहे. ती मेलमध्ये टाकली की थेट १,००० गुण!

• स्पॅमवर उपाय म्हणून ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये हॅशकॅश सुचवलं: प्रत्येक मेलमागे कॉम्प्युटरला थोडी आकडेमोड करायला लावायची, म्हणजे लाखो मेल परवडणार नाहीत. मेलमध्ये ते फारसं रुजलं नाही. बिटकॉइननं ती कल्पना उचलली.

• बऱ्याच क्लाउड कंपन्या भाड्याच्या सर्व्हरवरून बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट बंदच ठेवतात. सगळं कॉन्फिगर करून झाल्यावर हे कळलं, की वरातीमागून घोडं. आधी विचारा.

• ज्या लिनक्सवर आपण मेल सर्व्हर बसवतो, त्याचं कर्नल स्वतः मेलवर पोसलेलं आहे. जगभरातले प्रोग्रामर बदल सुचवतात ते मेलमधून, आणि मेलबॉक्समधले बदल उचलून थेट कोडला लावण्याची आज्ञा गिटमध्येच आहे. कर्नलच्या मेलिंग लिस्टचा सर्व्हर साधा मजकूरच घेतो, एचटीएमएल मेल दिसला की नाकारतो. तेव्हा पहिला पॅच पाठवायचा मनसुबा असेल, तर सहीखालचा गुलाबी सुविचार आधी काढा.